कोर्टातला खोटा कागद आणि आपण

(तालुका कार्यकर्ता शिबिरात केलेलं भाषण. बोलताना मागं-पुढं झालेलं लिहिताना नीट लावून घेतलं आहे. पाड्यावरच्या बैठकीत कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.)



मला विषय दिला आहे दिवाणी दाव्याचा. फौजदारी केस आता आपल्या लोकांना कळते. पोलीस येतो, धरून नेतो, जामीन होतो, तारखा पडतात. मोर्चात निम्मे लोक तरी या वाटेने जाऊन आलेत. दिवाणी दावा मात्र अजून कळत नाही. त्यात कोणी मारत नाही, शिवी देत नाही. बेलिफ येतो, एक कागद देतो आणि निघून जातो. आपण तो कागद छपराच्या वाशात खोचून ठेवतो. पुढे एक दिवस जमीनदार पोलीस घेऊन शेतावर उभा राहतो आणि सांगतो, कोर्टाची मनाई आहे, नांगर बाहेर काढ. तेव्हा आपण म्हणतो, कोर्टाने अन्याय केला.

मला आज एवढंच सांगायचं आहे की कोर्टाने काय केलं हे नंतर बघू. आधी बघू कोर्टापुढे काय लिहून ठेवलं होतं. न्यायाधीश आपल्या शेतावर आलेला नसतो. त्याच्यापुढे एका बाजूचा कागद असतो. त्या कागदात खोटं असेल आणि दुसऱ्या बाजूने कोणी बोललंच नाही, तर ते खोटंच खरं म्हणून पुढे जातं.

दाव्याचा कागद म्हणजे काय ते आधी बघा. जो दावा लावतो तो वादी. ज्याच्यावर लावतो तो प्रतिवादी. वादी आपलं म्हणणं परिच्छेद पाडून लिहितो. शेवटी सही करतो. सहीच्या खाली अजून चार ओळी असतात, त्याला सत्यापन म्हणतात. त्यात लिहावं लागतं की अमुक परिच्छेद माझ्या स्वतःच्या माहितीने खरे आहेत, अमुक परिच्छेद मला मिळालेल्या माहितीवरून खरे समजतो. तारीख आणि ठिकाण घालून तिथे दुसरी सही. म्हणजे वादीने नुसता अर्ज केलेला नसतो. हे खरं आहे असं त्याने स्वतः लिहून दिलेलं असतं. मनाई हुकूम पाहिजे असेल तर त्याच्यासोबत वेगळं अॅफिडेव्हिट, म्हणजे शपथेवरचा कागद असतो. ही सत्यापनाची जागा लक्षात ठेवा. पुढे कामाला येते.

आता आपल्या भागातला एक दावा सांगते. पाड्याचं नाव घेत नाही, कारण दावा अजून चालू आहे. दाव्याची भाषा सगळीकडे एकाच साच्यातली असते. वादी हा दावा मिळकतीचा मालक व प्रत्यक्ष कब्जेदार आहे. प्रतिवादींचा सदर मिळकतीशी काहीएक संबंध नाही. प्रतिवादी हे आडदांड व दांडगट असून अमुक तारखेस त्यांनी वादीच्या कब्जा-वहिवाटीस हरकत केली. सबब दाव्यास कारण घडले. असं सगळं. खाली नऊ प्रतिवादींची नावं.

आम्ही चौघं बसलो आणि त्या कागदातली एकेक ओळ वाचून पाड्यातल्या लोकांना विचारत गेलो. काय काय निघालं ते ऐका.

पहिलं, नऊ प्रतिवादींपैकी एक जण दावा लावायच्या आधी मेलेला. मेलेल्या माणसावर दावा चालत नाही. आणि मेलेला माणूस वादीच्या शेतात जाऊन हरकत कशी करील?

दुसरं, हरकत झाली म्हणून जी तारीख लिहिली, तेव्हा उरलेल्या आठपैकी पाच जण बायकापोरांसकट वीटभट्टीवर होते. भट्टीवाल्याच्या वहीत त्यांची हजेरी आहे. आपले लोक दिवाळीनंतर कामाला बाहेर जातात, पावसाच्या तोंडाला परत येतात, हे वादीला माहीत आहे. पण त्याच्या वकिलाला तारीख पाहिजे होती, म्हणून तारीख घातली.

तिसरं, चतुःसीमा. दाव्यात एक सर्व्हे नंबर लिहिला, पण पूर्वेला-पश्चिमेला काय आहे ते शेजारच्या नंबराचं उतरवलं. त्यामुळे मनाई मिळाली तर ती दोन्ही तुकड्यांवर वापरता येईल.

चौथं सगळ्यात मोठं. वादीने सातबारा जोडला तो फक्त अलीकडचा. जुना जोडलाच नाही. जुन्या सातबाऱ्याची नक्कल काढली तर इतर हक्काच्या रकान्यात आपल्या माणसाच्या आजाचं नाव, कूळ म्हणून. हे नाव का लपवलं ते समजून घ्या. कूळ आहे की नाही हा प्रश्न निघाला तर दिवाणी कोर्टाला तो स्वतः ठरवता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्यात कलम ८५अ आहे. त्याप्रमाणे तो मुद्दा मामलेदाराकडे पाठवावा लागतो आणि तोपर्यंत दावा थांबवावा लागतो. म्हणून वादीने कूळ हा शब्दच दाव्यात येऊ दिला नाही. त्याने लिहिलं, साधी हरकत आहे, साधी मनाई द्या.

बघा, खोटं दोन तऱ्हेचं असतं. मेलेला माणूस शेतात आला हे एक खोटं. ते सापडायला सोपं. दुसरं खोटं म्हणजे जे लिहिलंच नाही ते. कागद कितीही वेळा वाचला तरी ते दिसणार नाही. ते दिसतं फक्त आजीला विचारलं तर, आणि जुन्या नकला काढल्या तर.

जमीनदार आपलं भांडण दिवाणी कोर्टात का ओढतो त्याचं अजून एक कारण आहे. आदिवासीची गेलेली जमीन परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर आदिवासीकडे गेलेल्या जमिनीसाठी तो आहे. त्या कायद्याखालच्या चौकशीत वकील उभा राहू शकत नाही. जमीनदार लोक याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, पण डिसेंबर १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा वकिलाच्या बंदीसकट कायम केला. त्यानंतरच्या व्यवहारांना जमीन महसूल कायद्याचं कलम ३६अ आहे. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकत, गहाण, खंडाने, कशीच देता येत नाही. आणि जो प्रश्न या कलमांखाली कलेक्टरने ठरवायचा, तो दिवाणी कोर्टाने ठरवायचा नाही असं कलम ३६क मध्ये आहे. म्हणून वादी आपल्या दाव्यात प्रतिवादी आदिवासी आहे हे सुद्धा कधी कधी लिहीत नाही. नाव लिहितो, वय लिहितो, धंदा मजुरी लिहितो. जमात लिहीत नाही.

आता मनाई कशी मिळते ते. दाव्याबरोबर एक अर्ज असतो, कोर्टात त्याला निशाणी ५ म्हणतात. त्यात लिहितात की दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीला शेतात यायला मनाई करा. कायद्याचा नियम असा की आधी प्रतिवादीला नोटीस द्यायची, मग हुकूम. पण वादी म्हणतो, नोटीस देईपर्यंत नुकसान होईल, आजच द्या. याला एकतर्फी मनाई म्हणतात. ती देताना नोटीस का दिली नाही याची कारणं न्यायाधीशाने लिहावी लागतात. वादीने अर्ज, अॅफिडेव्हिट, दावा आणि जोडलेले कागद यांच्या नकला लगेच प्रतिवादीला द्याव्या लागतात किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवाव्या लागतात. आणि त्या पाठवल्या असं दुसरं अॅफिडेव्हिट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यावं लागतं. हे ऑर्डर ३९ च्या रूल ३ मध्ये आहे. म्हणून पहिलं विचारायचं ते हेच. नकला कुठे आहेत? पावती कुठे आहे? कित्येकदा नकला पाठवलेल्याच नसतात, आणि पाठवल्या असं शपथेवर लिहिलेलं असतं.

पुढच्याच रूल ४ मध्ये आपल्या कामाचं आहे. वादीने महत्त्वाच्या गोष्टीबद्दल जाणूनबुजून खोटं किंवा दिशाभूल करणारं लिहून नोटीस न देता मनाई घेतली असेल, तर कोर्टाने ती मनाई उठवायची आहे. नाही उठवली तर का नाही त्याची कारणं लिहायची आहेत. भट्टीची हजेरी, मृत्यूचा दाखला, जुना सातबारा हे तिथे ठेवायचे.

पण हे सगळं कधी होणार? आपण हजर राहिलो तर. इथे आपलं नुकसान आपल्याच सवयीने होतं. बेलिफ दिसला की आपण रानात जातो. बाई सांगते, घरी कोणी नाही. मग बेलिफ नोटीस दारावर डकवतो, पंचांच्या सह्या घेतो, आणि नोटीस बजावली असा अहवाल देतो. हातात घेतली नाही तर बेलिफ लिहितो, घेण्यास नकार. पळून नोटीस चुकत नाही, फक्त आपल्याला तारीख कळत नाही. म्हणून बेलिफ आला की बसवा, पाणी द्या, कागद घ्या. आणि सही-अंगठ्याच्या शेजारी तारीख घाला. कोणी नसताना डकवलीच तर कोणत्या दिवशी कोणी पाहिली ते लिहून ठेवा. एकतर्फी हुकूमनामा झाला आणि समन्स नीट बजावलंच नव्हतं, तर कळल्यापासून ३० दिवसांत तो रद्द करायचा अर्ज देता येतो. पण कळलं कधी हे दाखवावं लागतं.

दुसरी गोष्ट. दाव्याला जे उत्तर देतात त्याला कैफियत म्हणतात. नियम असा आहे की दाव्यातली जी गोष्ट तुम्ही स्पष्ट नाकारली नाही, ती तुम्हाला कबूल आहे असं धरता येतं. "दावा खोटा आहे, रद्द करा" एवढं लिहून भागत नाही. परिच्छेद तीनमध्ये अमुक लिहिलं ते खोटं, कारण तमुक. परिच्छेद चारमधली तारीख खोटी, कारण तेव्हा आम्ही भट्टीवर. असं ओळीला ओळ उत्तर पाहिजे. वकील घाईत असतो, त्याला आपलं शेत माहीत नसतं. त्याला ही माहिती आपण लिहून न्यायची.

आता लोक विचारतात, वादी एवढं खोटं लिहितो, त्याला शिक्षा काहीच नाही का? कायद्यात आहे. शपथेवर खोटं सांगितलं तर सात वर्षांपर्यंत, २०२४ पर्यंत हे इंडियन पिनल कोडच्या कलम १९३ खाली होतं. फसवणुकीच्या हेतूने कोर्टात खोटी मागणी केली तर दोन वर्षांपर्यंत, हे तेव्हा कलम २०९ खाली होतं. पण पोलीस चौकीत जाऊन ही तक्रार देता येत नाही. ज्या कोर्टात खोटं झालं त्या कोर्टानेच तक्रार करायची असते. आपण फक्त अर्ज देऊ शकतो. खोट्या दाव्याबद्दल नुकसानभरपाई मागता येते, कलम ३५अ, पण ती जास्तीत जास्त ३,००० रुपये. ज्याला पाच एकर खायची आहे त्याला तीन हजार म्हणजे काय? म्हणून जमीनदार तुरुंगात जाईल या आशेवर बसू नका. त्याचं खोटं उघडं करून मनाई उठवायची, शेत हातचं जाऊ द्यायचं नाही, हे आपलं काम.

खोट्यावर मिळालेला हुकूमनामा टिकत नाही, हे मात्र सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर १९९३ मध्ये चांगलं ठणकावून सांगितलं आहे. दक्षिणेकडचा खटला आहे. एका सावकाराच्या माणसाने कोर्टाच्या लिलावात सावकारासाठी म्हणून मिळकत घेतली. १९४५ साली नोंदणी केलेल्या दस्ताने आपला हक्क सोडून दिला. पुढे त्याच मिळकतीत वाटणी मागायला कोर्टात गेला आणि तो दस्त दाखवलाच नाही. वाटणीचा पहिला हुकूमनामा मिळाला सुद्धा. दस्त नंतर बाहेर आला. हायकोर्ट म्हणालं, वादीने सगळं खरं सांगावं असं बंधन नाही, दस्त प्रतिवादीने आणायचा होता. सुप्रीम कोर्टाने हे पुसून टाकलं. ज्याच्या हातात प्रकरणाचा महत्त्वाचा कागद आहे त्याने तो कोर्टापुढे ठेवलाच पाहिजे, लपवला तर ती कोर्टाशीच फसवणूक आहे, आणि अशा फसवणुकीने घेतलेला हुकूमनामा कोणत्याही कोर्टात रद्दबातल समजायचा. म्हणजे मघाशी मी सांगितलं ते दुसऱ्या तऱ्हेचं खोटं, न लिहिलेलं, ते सुद्धा खोटंच.

अजून एक प्रकार आपल्या लोकांच्या अंगठ्याने चालतो. बाहेरचा माणूस जमीन घेऊ बघतो, पण कलेक्टरची परवानगी मिळणार नाही हे त्याला माहीत असतं. मग तो आदिवासीवर दावा लावतो. आदिवासीला दोन-चार हजार देतो आणि तडजोडीच्या कागदावर अंगठा घेतो. कागदात लिहिलेलं असतं, प्रतिवादीला दावा कबूल आहे. तसा हुकूमनामा झाला की जमीन गेली, आणि नाव कोर्टाचं. लक्षात घ्या, कलम ३६अ मध्ये कोर्टाच्या हुकूमनाम्यापोटी झालेली विक्री सुद्धा धरली आहे. परवानगीतून सुटका नाही. असा दावा म्हणजे भांडण नाहीच, दोघांनी मिळून केलेलं नाटक आहे. आणि त्यात आपला माणूस पण खोट्या कागदाचा धनी होतो.

म्हणून कोऱ्या कागदावर, कोऱ्या स्टँपवर, कोऱ्या वकीलपत्रावर अंगठा नाही. १९४५ साली आपल्या वारली लोकांनी वेठ मोडली, लग्नगडी मोडली. आपले आजे लाल बावटा धरून उभे राहिले. त्यांच्या नातवांनी आता अंगठ्याची वेठ करायची का? कागद इंग्रजीत असला तरी आपल्या बोलीत वाचून घ्यायचा. अंगठा लावणाऱ्याला मजकूर वाचून समजावून सांगितला, असा शेरा कागदावर घ्यायची रीत आहे. तो शेरा खरा आहे का ते आपणच बघायचं.

आता शेवटचं, आणि हे जरा कडू लागेल. सकाळी चहाच्या वेळी एका दादाने मला विचारलं, ते एवढं खोटं लिहितात, मग आपण थोडं वाढवून लिहिलं तर काय बिघडलं? आठ वर्षांचा कब्जा पन्नास वर्षांचा लिहिला तर?

दादा, बिघडतं. एक तर सत्यापनाखाली तुझा अंगठा असतो. शपथेवरच्या खोट्याचं जे कलम जमीनदाराला लागतं ते तुलाही लागतं, आणि तुला जास्त लवकर लागेल. दुसरं, उलटतपासात त्याचा वकील विचारील, पन्नास वर्षं कसतोस तर तुझं वय काय? एक खोटं सापडलं की खरे आठ वर्षांचे पुरावे सुद्धा कोर्ट संशयाने बघतं. जमीनदाराचं खोटं पकडलं गेलं तर त्याचा एक दावा जातो. त्याच्याकडे बाकीची जमीन आहे, दुसरा वकील आहे. आपलं खोटं पकडलं गेलं तर आपलं पोट जातं, आणि शेजारच्या पाड्यावरच्या खऱ्या माणसाचाही विश्वास जातो. वनजमिनीच्या अर्जातही हेच. ठरलेल्या तारखेच्या आधीचा कब्जा पाहिजे म्हणून ज्याने नंतर रान तोडलं त्यानेही मागची तारीख घालायची, असं चालणार नाही. त्याच्यासाठी संघटना वेगळी मागणी करील, रस्त्यावर करील. कोर्टाच्या कागदात नाही.

आणि बायांनो, तुम्ही पण ऐका. बाप मेल्यावर वारसाचा कागद करताना आपल्याकडे भाऊ वंशावळ लिहून देतात. त्यात तीन भाऊ असतात, बहीण नसतेच. बहिणीला किती हिस्सा यावर जमातीत बोलू, भांडू, पंचांपुढे बसू. तो वेगळा प्रश्न आहे. पण ती जन्मलीच नाही असं लिहून खाली अंगठा लावणं म्हणजे जमीनदाराने कुळाचं नाव लपवलं तेच झालं. जमीनदाराला विचारायचं की कुळाचं नाव का लपवलं, तर आधी आपल्या वंशावळीत बहिणीचं नाव पाहिजे.

करायचं काय, ते सांगून थांबते.

एक. प्रत्येक पाड्यावर एक पत्र्याची पेटी आणि एक वही. नोटीस, समन्स, पावती, पोस्टाचा लिफाफा सुद्धा पेटीत. वाशात नाही. वहीत तारीख, कोण आलं, काय दिलं.

दोन. कागद आला की दोन दिवसांत कार्यकर्त्याला दाखवायचा. दाव्याची आणि जोडलेल्या सगळ्या कागदांची नक्कल मागायची.

तीन. पाड्यावर बसून ओळीला ओळ वाचायची. काय खोटं लिहिलं ते एका बाजूला, काय लिहिलंच नाही ते दुसऱ्या बाजूला. म्हाताऱ्या माणसांना बोलवायचं. त्यांना जुन्या बांधाची माहिती असते.

चार. जुने सातबारे आणि फेरफार यांच्या नकला तलाठी आणि तहसील कचेरीतून आताच काढून ठेवायच्या. दावा लागल्यावर धावपळ नको.

पाच. "तुला कोर्टात खेचतो" असं कोणी बोललं की कॅव्हेट लावायचं. म्हणजे आपल्याला कळवल्याशिवाय मनाई देऊ नका असं कोर्टाला आधीच सांगून ठेवायचं. त्याची नक्कल समोरच्याला रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते. ते ९० दिवस चालतं, मग परत लावायचं.

सहा. तारखेला जायचं. मोर्चाला जाता तसं. एकट्या प्रतिवादीला पाठवायचं नाही, बरोबर दोघं पाहिजेत. बाई प्रतिवादी असेल तर बरोबर बाई.

भट्टीवर जायच्या आधी प्रत्येकाने पेटी कोणाकडे ठेवली ते कार्यकर्त्याला सांगून जायचं. भट्टीवरच्या हजेरीची चिठ्ठी येताना घेऊन यायची. पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक पाड्याने आपली पेटी आणायची, तेव्हा एकेक कागद वाचायला बसू.

जिंदाबाद!